हांगझोऊ आणि तिथलं पश्चिम तळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शांघायला राहते. देशातून कुणी आलं की पहिल्या दिवशी विचारतं, "भिंत कधी बघायची?" भिंत बीजिंगला, इथून हजारेक किलोमीटर लांब, हे समजावून झालं की मी पाहुण्यांना हांगझोऊला घेऊन जाते. आजवर एकही पाहुणा नाराज होऊन परतला नाही. पण निघायच्या आधी फोनवर प्रत्येकाचे प्रश्न तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले.

हांगझोऊ म्हणजे नक्की कुठे? नाव ऐकल्यासारखं वाटतंय.

ऐकलंय तुम्ही. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आशियाई क्रीडास्पर्धा इथेच झाल्या. भारताने १०७ पदकं नेली, बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसचं सुवर्ण इथल्याच मैदानावर जिंकलं आणि ऋतुराज गायकवाडच्या संघानं क्रिकेटचं सुवर्ण पावसाच्या कृपेनं का होईना, घरी आणलं. अलिबाबा कंपनीचं गावही हेच.

चजियांग प्रांताची ही राजधानी, शांघायच्या नैर्ऋत्येला साधारण १६० किलोमीटरवर. ११३८ ते १२७६ या काळात दक्षिण सोंग घराण्याची राजधानी इथे होती. मंगोल आले तेव्हा हे जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक होतं. चिनी लोकांत म्हण आहे, वर स्वर्ग आणि खाली सूझोऊ-हांगझोऊ. शेजारच्या सूझोऊ शहरातले लोक अर्थातच आपलं नाव आधी येतं हे लक्षात आणून देतात.

व्हिसा लागतो का? यूट्यूबवर तर दहा दिवस व्हिसाशिवाय राहता येतं म्हणतात.

लागतो. ती २४० तासांची सवलत ठरावीक देशांच्या पासपोर्टांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. अमेरिकी पासपोर्टवाला भाचा त्यात बसतो, भारतीय पासपोर्टवाले मामा बसत नाहीत. एकाच कुटुंबात दोन पासपोर्ट असतील तर तिकीट काढण्याआधी हे नीट बघा. पर्यटक व्हिसासाठी परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते.

नातेवाइकांच्या घरी उतरणार असाल तर आल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची असते. हॉटेलात ती हॉटेलवाले करतात.

मुंबई-पुण्याहून यायचं कसं?

पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ च्या ऑक्टोबरपासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली. दिल्लीहून शांघाय थेट आहे. मुंबईकर बहुतेक हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे येतात. शांघायला उतरून होंगछ्याओ स्टेशन गाठायचं, तिथून हांगझोऊ वेगवान गाडीनं पाऊण ते एक तास. दुसऱ्या वर्गाचं तिकीट सत्तर ते नव्वद युआनच्या आसपास. एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये धरा. आरक्षण पंधरा दिवस आधी उघडतं. पासपोर्ट हेच तिकीट, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

एक मात्र सांगते. हांगझोऊला एकच स्टेशन नाही. पूर्व, पश्चिम, दक्षिण आणि गावातलं जुनं अशी चार आहेत. मी पहिल्या खेपेला सासू-सासऱ्यांना घेऊन परत निघाले ती जुन्या स्टेशनवर, आणि गाडी होती पूर्वेहून. रिक्षासारखी टॅक्सी पळवून घेतली तरी गाडी गेलीच. दादर पूर्व-पश्चिमसारखा पूल ओलांडून जायचा हिशोब इथे नाही. मधे अख्खं शहर आहे.

शांघायहून सकाळी जाऊन रात्री परत आलं तर?

येता येतं, टूरवाले तसंच नेतात, आणि म्हणूनच त्यांचे लोक "छान होतं, गर्दी होती" एवढंच सांगतात. दहाच्या सुमाराला बसा रिकाम्या होऊ लागतात आणि काठावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. तळं आपल्याला भेटतं ते सकाळी साडेसहापर्यंत किंवा सूर्य डोंगरामागे गेल्यावर. दोन रात्री राहा, तळ्यापासून पायी अंतरावर. मेट्रोच्या १ नंबर लाइनवरचं लोंगश्यांगछ्याओ स्टेशन तळ्याला सगळ्यात जवळ.

पहाटे गेलात तर एक दृश्य हमखास दिसेल. एखादे आजोबा हातभर लांब दांड्याचा ब्रश बादलीत बुडवून फरशीवर नुसत्या पाण्यानं अक्षरं काढत असतात. एक ओळ पूर्ण होईपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असतं. शेजारी दोघी बायका चप्पल काढून व्यायाम करत असतात. कुणी फोटोसाठी थांबत नाही, कारण ही सगळी गावातलीच माणसं.

तळंच ना ते? रंकाळा आहे, वेण्णा लेक आहे. त्यात एवढं बघण्यासारखं काय?

हा प्रश्न माझ्या भावानं विचारला होता आणि मला आवडला होता, कारण खरं उत्तर त्यातच दडलंय. शी-हू म्हणजे पश्चिम तळं आकारानं फार मोठं नाही. साडेसहा चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, काठ साधारण पंधरा किलोमीटर, खोली सरासरी दोन-सव्वादोन मीटर. तीन बाजूंना बुटके डोंगर, चौथ्या बाजूला शहर. जागतिक वारसा म्हणून २०११ साली नोंद झाली ती निसर्गासाठी नव्हे, माणसानं शेकडो वर्षं घडवलेल्या देखाव्यासाठी.

मुळात ही छ्यानथांग नदीच्या मुखाजवळची खाडी. गाळानं तोंड बुजलं आणि तळं झालं. उथळ तळ्याचं पुढे काय होतं हे आपल्याला नवं नाही. आधी शेवाळ, मग गवत, मग कुणाची तरी शेती. शी-हूचं तसं झालं नाही याचं कारण इथे दर काही पिढ्यांनी कुणीतरी गाळ काढला.

८२२ साली बाय जुयी नावाचा कवी इथे अधिकारी म्हणून आला. त्यानं बांध घालून पाणी साठवलं, आणि शेतीला पाणी किती आणि कसं सोडायचं याचे नियम दगडावर कोरून ठेवले. पाटबंधारे खात्याचं परिपत्रकच, फक्त दगडी. १०८९ मध्ये दुसरा कवी-अधिकारी आला, सू दोंगपो. तोवर तळं जवळजवळ निम्मं बुजलं होतं. सरकारनं दिलेले भिक्षू होण्याचे परवाने विकून त्यानं पैसा उभा केला आणि गाळ उपसला. मग प्रश्न आला, एवढा गाळ टाकायचा कुठे? त्यानं तो तळ्यातच उत्तर-दक्षिण रचून २.८ किलोमीटरचा रस्ता केला. तोच आजचा सू-बांध. वर सहा कमानी पूल, कडेला एकाआड एक विलो आणि पीचची झाडं. लोक त्यावर सेल्फी काढतात, पण पायाखाली आहे तो नऊशे वर्षांपूर्वीचा चिखल.

त्याची दुसरी युक्ती मला त्याहून आवडते. तळ्याच्या कडेचा पट्टा त्यानं शिंगाड्याच्या शेतीला भाड्यानं दिला. शिंगाडा लावणारा शेतकरी आपल्या पिकासाठी दर वसंतात तण उपटणारच, म्हणजे सफाई फुकट आणि भाडं पुढच्या डागडुजीला. शिंगाडेवाल्यांनी आत सरकू नये म्हणून पाण्यात दगडी खुणा उभ्या केल्या. एक युआनच्या नोटेमागे पाण्यात उभे असलेले तीन दगडी दिवे दिसतात ना, ते त्या खुणांचे वारस. आजचे सतराव्या शतकातले आहेत. चंद्राचं प्रतिबिंब बघायची जागा म्हणून सगळा चीन त्यांना ओळखतो. मूळ काम हद्दीच्या दगडाचं!

त्यांच्याजवळचं बेटही १६०७ साली काढलेल्या गाळाचं. १९५० च्या दशकात पुन्हा मोठा उपसा झाला, आणि हल्ली नदीचं पाणी गाळ बसवून तळ्यात सोडतात. तळ्यापेक्षा मला ही राखण बघण्यासारखी वाटते. भाऊ हे सगळं ऐकून म्हणाला, "आपल्याकडे असं कुणी केलं तर कवी म्हणून नाव राहणार नाही, ठेकेदार म्हणून राहील."

तळ्याकाठी फिरायचं तिकीट किती?

काही नाही. २००२ पासून काठ सगळ्यांना मोकळा आहे. तिकीट लागतं ते बोटीला, बेटाला, लेइफंग मनोऱ्याला आणि काही मंदिरांना.

आईचे गुडघे दुखतात. पंधरा किलोमीटर कसं जमणार?

जमवूच नका. विजेवर चालणाऱ्या उघड्या गाड्या काठानं फिरतात, हात केला की थांबतात. माझा ठरलेला मार्ग असा: सकाळी 'तुटका पूल' नावाच्या पुलापासून बाय-बांधावरून (त्या पहिल्या कवीच्या नावाचा बांध) रमतगमत एक किलोमीटर, पुढे गाडी, मग बोटीनं बेट. सू-बांध पुरा चालण्याचा हट्ट तरुणांनी करावा. चढावाचे पूल सहा आहेत हे लक्षात असू द्या.

बोटींत मोठी यांत्रिक बोट बेटावर उतरवते, माणशी पन्नास-साठ युआन. हातानं वल्हवायची लाकडी नाव तासाला दीडशेच्या पुढे, पण अख्ख्या नावेचे, माणशी नव्हे. चौघं असाल तर तीच घ्या. वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज ऐकू येतो एवढी शांतता बाकी कुठे मिळणार नाही. नावाडी मधेच एखादं गाणं म्हणतो, त्याचे वेगळे पैसे मागत नाही.

तुटका पूल तुटलेला का नाही?

प्रत्येक पाहुणा तिथे उभा राहून हाच प्रश्न विचारतो. एक स्पष्टीकरण असं की बर्फ पडल्यावर पुलाच्या उन्हातल्या माथ्यावरचा बर्फ आधी वितळतो आणि लांबून पूल मधेच तुटल्यासारखा दिसतो. प्रेमिकांच्या लेखी मात्र ही पांढऱ्या नागिणीच्या कथेची जागा. नागीण बाईचं रूप घेऊन येते, शू श्यान नावाच्या साध्यासुध्या तरुणाला इथे भेटते, दोघं संसार मांडतात आणि फाहाय नावाचा भिक्षू तिला समोरच्या लेइफंग मनोऱ्याखाली कोंडतो. आपल्याकडच्या नागकन्यांशी साम्य वाटेल, पण सहानुभूती इथे पूर्ण नागिणीच्या बाजूनं. भिक्षूबद्दल बरं बोलणारा मला अजून भेटलेला नाही.

मनोरा दहाव्या शतकातला. त्याची वीट घरात ठेवली की बरकत येते अशी समजूत पसरली. लोक एकेक वीट काढून नेत राहिले आणि २५ सप्टेंबर १९२४ ला तो कोसळला. आजचा २००२ चा आहे, आत सरकते जिने आणि लिफ्टसुद्धा. तळघरात काचेआड जुन्या विटांचा ढीग ठेवलाय. वरून तळ्याचा देखावा उत्तम, संध्याकाळी तर फारच.

लिंगयिन मंदिराचा भारताशी काही संबंध आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि आपल्या लोकांनी तिथे अर्धा दिवस काढावाच. मंदिराच्या परंपरेनुसार ३२८ साली भारतातून आलेल्या हुइली नावाच्या भिक्षूनं ते स्थापलं. समोरची टेकडी बघून तो म्हणाला, हे तर आमच्याकडच्या गृध्रकूटाचं शिखर, इथे कधी उडून आलं? गृध्रकूट म्हणजे राजगीरची टेकडी, जिथे बुद्धानं उपदेश केला. लोकांना पटेना तेव्हा त्यानं गुहेतलं वानर हाक मारून बाहेर बोलावलं, म्हणे तेही शिखराबरोबर आलं होतं. तेव्हापासून नाव पडलं फेइलाय फंग, उडून आलेलं शिखर. गंमत म्हणजे आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आणि ही टेकडी एकटीच चुनखडीची. हुइलीची नजर वाईट नव्हती.

त्या चुनखडीत दहाव्या ते चौदाव्या शतकापर्यंत कोरलेल्या शेकडो मूर्ती आहेत, ओढ्याच्या काठानं, वेलींत, गुहांच्या तोंडाशी. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला आकारानं त्या लहान वाटतील. पण पोट सुटलेला हसरा बुद्ध तिथे सोंग काळापासून लोळतोय, त्याच्यासमोर जरा थांबा. त्या पोटावर हात फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, रखवालदाराची शिट्टीही तयारच असते.

मुख्य सभागृहाच्या नावाचा अर्थ 'महावीराचं दालन'. जैन पाहुणे चमकतात, पण हे इथे बुद्धाचं विशेषण. आत कापराच्या लाकडाची भली मोठी बुद्धमूर्ती आहे, १९५६ सालची. बाहेरून उदबत्ती नेता येत नाही. दारात तीन फुकट मिळतात, तेवढ्या पुरे. प्रवेशाची नोंदणी आधी फोनवरून करायची असते आणि सुट्टीच्या दिवशी जागा भराभर संपतात.

लोखंडी पुतळे गुडघ्यांवर का बसलेत?

ते युए फेइच्या समाधीपाशी, तळ्याच्या उत्तरेला. युए फेइ हा सोंगांचा सेनापती, उत्तरेचा मुलूख परत घेऊ पाहणारा. दरबारातल्या छिन ह्वेइनं खोट्या आरोपात गोवून ११४२ साली त्याला मारवलं. समाधीसमोर छिन ह्वेइ, त्याची बायको आणि दोन साथीदार हात मागे बांधलेले, मान खाली घालून शतकानुशतकं बसलेत. पूर्वी लोक थुंकायचे, आता मनाईची पाटी आहे. तळलेल्या पिठाच्या जोड-काड्या नाश्त्याला मिळतात, त्याही म्हणे त्या नवरा-बायकोला तेलात तळायचं म्हणून निघाल्या. संभाजीराजांची कथा माहीत असलेल्या मराठी माणसाला हे ठिकाण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

सावध असाल तर नाही. इथे 'भाजी' मागवली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि वांग्यात खिमा सापडतो. मांस नको एवढं सांगून भागत नाही. "वो छ्र सू", म्हणजे मी शाकाहारी, हे सांगा. हा बौद्ध शाकाहाराचा शब्द आहे आणि तो सगळ्यांना नेमका कळतो. अंडं, चरबी, मांसाचा रस्सा, मासळीचं सॉस नको हेही चिनी अक्षरांत फोनमध्ये लिहून ठेवा.

जैन मंडळींना सांगताना मला फार बरं वाटतं: बौद्ध मठांच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो. लिंगयिनच्या परिसरात असं जेवण मिळतं. साध्या वाटीभर शेवयांवर अळंबी, बांबूचे कोंब आणि सोयाबीनचं पनीर. पहिल्या घासाला सपक वाटतं, तिसऱ्याला सवय होते. लसणाच्या चटणीची बाटली बॅगेत असतेच म्हणा.

मांसाहारींसाठी दोंगपो पोर्क, त्याच गाळ काढणाऱ्या कवीच्या नावाचं, मऊ आणि गोडसर. चहाच्या पानांतली कोळंबीही चांगली. तळ्याचा प्रसिद्ध आंबटगोड मासा मात्र एकदाच खाऊन बघा. चिनी लोक स्वतःच त्याची टिंगल करतात. मालवणी माणसानं तो मागवून माझ्याकडे रागानं बघितलेलं मला आठवतं.

लोंगजिंग चहा तिथे स्वस्त मिळतो का?

अस्सल माल स्वस्त नसतो. तळ्याच्या पश्चिमेला लोंगजिंग, वंगज्याशान, मेइज्यावू ही चहाची गावं. ४-५ एप्रिलच्या छिंगमिंग सणाआधी खुडलेले कोंब सगळ्यात महाग. कोंब तापलेल्या लोखंडी कढईत नुसत्या हातानं दाबत, फिरवत भाजतात. म्हणूनच पानं चपटी होतात. मार्चअखेर गेलात तर दारादारांत कढया दिसतील. भाजणाऱ्याचा तळवा जवळून बघा. आमच्या आजीच्या भाकरी थापणाऱ्या हातासारखा, पोळून घट्ट झालेला.

प्यायचा काचेच्या उंच पेल्यात, उकळी उतरलेल्या पाण्यात. पानं आधी तरंगतात, मग एकेक उभी राहून खाली जातात. दूध-साखर मागू नका. चव हुरड्याच्या जवळची, भाजलेली आणि हिरवी. पेला संपत आला की त्याच पानांवर पुन्हा पाणी ओततात, दोन-तीनदा.

आता फसवणूक. बस थांब्यावर एक गोड बोलणाऱ्या मावशी भेटतात, "आमच्या घरी चला, नुसता प्या." मी गेले. चहा छान होता. विकत घेतलेल्या पुड्यात निघाला तो मागच्या वर्षीचा पिवळट. तेव्हा प्यायलेला पेला आणि बांधून दिलेला पुडा एकाच डब्यातून आलाय का, ते डोळ्यांनी बघा. आधी चहाचं राष्ट्रीय संग्रहालय फिरून आलात तर उत्तम. ते फुकट आहे आणि मळ्यांतच आहे.

पैसे आणि फोन?

यूपीआय चालत नाही. अलिपे किंवा वीचॅट भारतातूनच घेऊन त्यात आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. २०० युआनच्या वरच्या खर्चाला ३ टक्के लागतात. थोडी रोकड ठेवा.

गुगल, व्हॉट्सअॅप हॉटेलच्या वायफायवर बंद. भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर चालतात. पॉवर बँक विसरू नका. फोन मेला की तिकीट, पैसे, नकाशा तिन्ही मेले.

कधी यावं?

मार्चअखेर ते एप्रिल, किंवा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबर. १ ते ७ ऑक्टोबर आणि १ मेची सुट्टी कटाक्षानं टाळा. त्या दिवसांत तुटक्या पुलावर पूल दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. जूनच्या मध्यापासून सतत रिपरिप. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भाचा उन्हाळा आणि कोकणाची घामट हवा एकत्र. हिवाळ्यात थंडी ओली, हाडात शिरणारी.

शरदात ओस्मान्थसची फुलं फुलतात, इथे त्यांना ग्वेइहुआ म्हणतात. मोगऱ्याच्याच कुळातली. फुलं मोहरीएवढी, पिवळी, दिसतही नाहीत. वास आधी येतो आणि मग आपण झाड शोधतो.

तळ्याखेरीज आणखी काही?

बीजिंगहून येणारा सुमारे १८०० किलोमीटरचा महाकालवा इथे संपतो. १६३१ चा गोंगचन पूल बघायला जलबसनं जा, स्वस्त आणि मजेचं. ल्यांगझू इथे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शहराचे आणि धरणांचे अवशेष आहेत. म्हणजे पाणी अडवायची इथली सवय जुनीच. मध्यशरद पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी छ्यानथांग नदीत समुद्राची भरती भिंतीसारखी उलटी चढते. ती पौर्णिमा म्हणजे आपली भाद्रपदातली, काही वर्षी कोजागरी. भरती बघायला हाइनिंगला जायचं आणि कठड्याच्या आतच उभं राहायचं. हफांग जुनी पेठ मला फार नटवलेली वाटते. पण तिथलं १८७४ चं औषधांचं दुकान आत जाऊन बघा, भिंतभर लाकडी खण आणि काढ्याचा वास.

परत येताना काय आणावं? आणि ते कमळाच्या मुळाचं पीठ उपवासाला चालतं का?

रेशीम आणायचं तर भाव ठाऊक असलेल्या माणसाला बरोबर घ्या. इथल्या कात्र्या प्रसिद्ध आहेत, त्या चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या नको.

मी मात्र सगळ्यांना ओउफन आणायला सांगते, तळ्याकाठचं कमळकंदाचं पीठ. दोन चमचे पीठ आधी चमचाभर गार पाण्यात कालवायचं, मग उकळतं पाणी ओतत भराभर ढवळायचं. पांढरं पाणी डोळ्यांदेखत पारदर्शक, गुलाबीसर, दाट होतं. सासूबाईंनी वाटी वर धरून उजेडात बघितली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर तवकीर." नंतर पुडा उलटा करून त्यावरची अक्षरं मला एकेक वाचायला लावली. साखर होती, सुकी फुलं होती आणि शेवटी ओट निघाले. मग दुकानात परत जाऊन नुसत्या पिठाचा पुडा आणला, तो त्यांनी एकादशीला वापरला.